सैल वेणी

बाळाच्या मुठीत माझा केस सापडला की मला आधी हसू येतं. मूठ उघडायची म्हणजे एकेक बोट सोडवावं लागतं, आणि आत, तळव्याच्या घडीत, घामानं ओला झालेला लांबच लांब केस. "चोर," मी म्हणते. तो बोळकं पसरून हसतो.

पण चोर तो नव्हताच. केस आपापलेच सुटत होते. त्याला चौथा महिना लागला आणि सुरुवात झाली. उशीवर केस, न्हाणीघराच्या जाळीवर केस, भिजवलेल्या पिठात केस, नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टावर केस.

"छापखान्यातली माणसं विचारतात, हे लांब केस कुणाचे," नवरा एकदा म्हणाला.

"मग काय सांगतोस?"

"बायकोचे आहेत म्हणतो. कुणाचाही विश्वास बसत नाही."

मी हसले. पण फणीतून निघालेली गुंतवळ बोटाला गुंडाळून केराच्या डब्यात अगदी तळाशी दडवत होते, जसं काही माझ्या हातून कपबशी फुटली होती.

आत्याचा फोन आला की पहिला प्रश्न बाळाचा आणि दुसरा केसांचा.

"कांद्याचा रस लाव."

"आत्या, घरात दोन मुलं रडतातच. आता मीही रडू?"

"अगं डोक्याला लाव, डोळ्यांना कोण म्हणतंय! माझ्या जावेचे केस बघ, कंबरेखाली आहेत."

"तुमच्या जावेनं कांदा लावला होता?"

"नाही. तिचे आधीपासूनच होते."

दुसऱ्यांकडे बाळंतपणाला आई येते. माझ्याकडे अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेली तेव्हा मी बालवाडीत होते. शिवण करताना ती टाचण्या ओठांत धरायची, तेवढंच मला तिचं आठवतं. अण्णा एक पिशवी घेऊन आले, बाळाला बघितलं, मला बघितलं, आणि गॅलरीत जाऊन कपड्यांची दोरी सोडून नव्यानं बांधली.

"ही कुणी बांधली होती?"

"मीच," नवरा म्हणाला.

"बरं," अण्णा म्हणाले. जावयाचा एवढाच अपमान करून ते आमच्याकडे राहिले.

अण्णांनी जन्मभर ट्रक बांधले. ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढला की त्यावर ताडपत्री टाकायची आणि दोरानं आवळायची, हे त्यांचं काम. सुट्टीत मी तिथे जायची. भिंतीला जाडीप्रमाणे टांगलेले दोर, डिझेलचा आणि पोत्यांचा वास, आणि ढिगावर उभे अण्णा, मालाला गुडघा लावून दोर ओढताहेत. त्यांना तिथे सगळे गाठवाले म्हणत. ड्रायव्हर लोक म्हणायचे, गाठवाल्यांनी बांधलेली गाडी खड्ड्यात गेली तरी माल आत झोपलेला असतो. बांधून झालं की अण्णा खाली उतरायचे, ट्रकच्या अंगावर दोन थापा मारायचे आणि ओरडायचे, "सोडा गाडी!"

माझ्या वेण्याही तेच घालायचे. दुसरं होतंच कोण? गोदामात जायच्या आधी मला दोन गुडघ्यांमध्ये पकडायचे. केसांना पाण्याचा हात, मधोमध भांग, दोन्ही बाजूंना तीन-तीन पेड, आणि दर वळशाला एक हिसका. माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या. दिवसभर मी नवल वाटल्यासारखी दिसायची. गणिताच्या बाई विचारायच्या, "तुला कसलं एवढं आश्चर्य वाटतंय गं? पाढाच तर म्हणतेय मी." पोरी म्हणायच्या, हिच्या वेणीला बादली बांधा, विहिरीतनं पाणी निघेल.

संध्याकाळपर्यंत एक बट हलायची नाही. कानशिलं ठणकायची, कपाळाच्या कडेला बारीक बारीक पुटकुळ्या यायच्या. पण मी कधी म्हटलं नाही. अण्णा बोलके नव्हते. जवळ घेणं, कुरवाळणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा हात माझ्या डोक्याला लागायचा तो वेणी घालतानाच. दोर ओढून ओढून खरखरीत झालेली बोटं केसांत अडकायची, आणि मी डोळे मिटून घ्यायची. वेणी झाली की पाठीवर दोन थापा. सोडा गाडी. मी धावत सुटायची, आणि त्या थापा शाळेच्या फाटकापर्यंत पाठीवर राहायच्या.

मग एका वर्षी ते म्हणाले, "आता मोठी झालीस. तुझी तू घाल." मी घातली. त्यांच्यासारखीच, करकचून. दुसरी येतच नव्हती.

आता त्याच गुडघ्यांमध्ये मिरची उभी असते. मिरची म्हणजे आमची थोरली, पहिलीत आहे. कागदोपत्री तिला चांगलं नाव आहे, पण एवढ्या तिखट तोंडाला ते शोभत नाही. सकाळी मी बाळाला पाजत बसलेली असते आणि समोर त्या दोघांचं चाललेलं असतं.

"आजोबा, दुखतंय."

"हलू नको. हललीस की माल सरकतो."

"मी माल नाहीये!"

"मग काय आहेस?"

"मी ड्रायव्हर आहे."

"ड्रायव्हरनं तर मुळीच हलू नये."

मग दोन थापा आणि सोडा गाडी, आणि मिरची जिना दणाणत खाली. मला माझ्याच मुलीचा हेवा वाटायचा. आपलं लेकरू लाडात आहे याचा आनंद व्हावा, तर मी आपली मनातल्या मनात तिला बाजूला सारून त्या गुडघ्यांत जाऊन बसत होते. तीस वर्षांची घोडी, दोन पोरांची आई! मागायचं तरी कसं? अण्णा, माझी वेणी घालता का, असं म्हटलं असतं तर त्यांनी मला ताप आला आहे का, ते बघितलं असतं. आणि वेणी घालायला उरलं काय होतं? उंदराचं शेपूट.

शेवटी नवऱ्यानंच डॉक्टरांची वेळ घेतली. दवाखाना एका चपलांच्या दुकानावर होता. जिन्यात नव्या चामड्याचा वास. मिरचीला सुट्टी होती म्हणून ती बरोबर. बाळ अण्णांपाशी. आत भिंतीवर केसाच्या मुळाचं मोठं रंगीत चित्र लावलेलं.

"आई, हा कांदा आहे?" मिरचीनं विचारलं.

"आत्याआजीला विचार," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी माझा अंबाडा सोडला, दिव्याखाली भांग उघडून पाहिला, एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली. चार-पाच केस हातात आले.

"बाळ केवढं आहे?"

"पाच महिन्यांचं."

"मग हे व्हायचंच. पोटात बाळ असताना केस गळायचं जवळजवळ थांबतं. डोकं भरलेलं दिसतं, सगळे म्हणतात, काय तेज आलंय. बाळंत झाल्यावर, जे तेव्हा गळायचे राहिले होते ते सगळे एकदम गळतात. वर्षभरात येतील परत. बहुतेक जणींचे येतात."

मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच रडणार होते. त्यांनी रक्ततपासणी लिहून दिली. लोह कमी असलं, थायरॉइड बिघडलेलं असलं तरी केस जातात, म्हणाल्या. जेवण कसं आहे ते विचारलं.

"मुलांचं उरलेलं खाते."

"ते जेवण नव्हे. डाळी, पालेभाज्या, अंडी चालत असतील तर अंडी, आणि बसून खायचं. केस हे शरीराच्या दृष्टीनं चैनीची गोष्ट आहे. कमी पडलं की शरीर आधी तिथलं बंद करतं. झोप?"

मी हसले. त्याही हसल्या. त्यांच्या टेबलावरही एका तान्ह्या बाळाचा फोटो होता.

"बरं, झोपेचं सोडा. ओले केस विंचरू नका. रुंद दातांचा कंगवा घ्या, गुंता खालून सोडवत वर जायचं. तेलानं केस उगवत नाहीत, पण लावायला आवडत असेल तर लावा, हलक्या हातानं." मग त्यांनी माझ्या कानशिलावरचे केस मागे सारले आणि थांबल्या. दुसरीकडचेही सारले. "हे मात्र आत्ताचं नाही. हे जुनं आहे. लहानपणी फार घट्ट वेण्या घालायचात का?"

माझा हात आपोआप कानशिलाकडे गेला.

"वर्षानुवर्षं ताण बसला की इथली मुळं थकतात. आधी बारीक लव येते, मग तीही येत नाही. आता सैल ठेवा. थोडेफार परत येतील, कदाचित नाही येणार. बाळ अंगावर पितंय, त्यामुळे औषधाचं पुढे बघू." मग मिरचीच्या डोक्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आणि हिच्याही वेण्या जरा सैल घाला बरं का. कोण घालतं?"

"आजोबा," मिरची म्हणाली. "ते ट्रक बांधतात."

घरी येईपर्यंत मी तिला दोनदा बजावलं. आजोबांना यातलं काही सांगायचं नाही. तिनं मान डोलावली. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला कळायला हवं होतं.

अण्णा जमिनीवर बसून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधत होते, बाळ शेजारी दुपट्यावर पालथं पडून ते बघत होतं. मिरचीनं चपला भिरकावल्या आणि एका दमात सांगितलं, "आजोबा, आईचे केस बाळामुळे गेले ते परत येणार आणि तुमच्यामुळे गेले ते नाही येणार."

अण्णांचा हात गाठीवरच थांबला.

"काहीतरीच बोलते ही," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाल्या बाळंतपणानंतर होतंच. रक्त तपासायला सांगितलंय."

"इकडे ये."

"खरंच काही नाही अण्णा."

"ये म्हटलं ना."

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी माझ्या कानशिलावरचे केस बोटानं बाजूला केले. कितीतरी वर्षांनी त्यांचं बोट तिथे लागत होतं, आणि ते असं, नुकसान किती झालं ते बघायला. त्यांनी दुसरी बाजूही पाहिली. मग हात काढून घेतला आणि अर्धवट गठ्ठा तसाच सोडून गॅलरीत गेले. अण्णांनी सोडलेली अर्धी गाठ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणीच्या वेळेला ते दूध आणायला गेले. दूध आदल्या दिवशीचं होतं घरात. मिरची फणी घेऊन गुडघे शोधत फिरत होती.

"आजोबा कुठेत? मला उशीर होतोय!"

"ये, मी घालते."

"तुला नाही येत."

"मला नाही येत? मी जन्मभर माझी घालतेय!"

"म्हणून तर," मिरची म्हणाली.

त्याच्या पुढच्या दिवशी अण्णा भाजी आणायला गेले. मग वाणसामान. मग त्यांनी सकाळी लवकर चालायला जायचं मनावर घेतलं. मिरचीच्या वेण्या मी घालायची, एका हातात बाळ, दुसऱ्यात फणी, आणि ती दुपारी घरी यायची ती झिपऱ्या उडवत, रिबीन दप्तरात.

अण्णा माझ्यावर रागावले नव्हते. उलट माझी काळजी दुप्पट झाली होती, फक्त ती आता हातभर अंतरावरून चालायची. रक्ताच्या तपासणीत लोह कमी निघालं. तेव्हापासून गोळीची वेळ झाली की गोळी आणि लिंबाचं पाणी माझ्यापुढे. चहाचा कप मी हातात घेतला की ते म्हणायचे, "गोळीबरोबर चहा नाही. चिठ्ठीवर लिहिलंय." अंडी उकडून, सोलून ताटलीत. मी उभ्यानं खायला लागले की खुर्ची सरकवायचे. एके दिवशी फळीवर रुंद दातांचा नवा कंगवा दिसला. कुणी आणला म्हणून मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या कंगव्यानं मी माझी मीच विंचरत होते आणि कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं मला वाटत होतं.

मग जेवताना त्यांनी सांगितलं, "रविवारी निघतो म्हणतो."

"एवढ्यात?" नवरा म्हणाला. "बाळ अजून बसतही नाही."

"बसेल की. माझ्यामुळे थोडंच बसणार आहे? तिकडे खोली बंद आहे कधीची. उंदीर झाले असतील."

"उंदीर तुमची वाट बघत असतील," मी म्हटलं. मला टोमणा मारायचा होता, पण आवाज भलताच निघाला. अण्णांनी ताटातून मान वर केली नाही.

मला ते जायला नको होते. बाळासाठी नाही, मिरचीसाठी नाही. ते असे गेले असते, हात आखडून, आपण लेकीचं वाटोळं केलं असं मनात घेऊन, तर तो हात परत कधी माझ्या डोक्यापाशी आला नसता. आणि अण्णांचं वयही आता असं होतं, की पुढच्या खेपेला, पुढच्या वर्षी, असं म्हणताना जीभ जरा अडखळायची.

पण म्हणायचं काय? तुम्ही चुकला नाहीत? चुकले होते. मला काही वाटत नाही? आरशात वाटत होतं.

शनिवारी सकाळी मिरची शाळेत, नवरा कामावर. बाळ नुकतंच झोपलं होतं. अण्णा आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. बाळ झोपलंय तोवर फरशी पुसून घ्यावी म्हणून मी गॅलरीत मॉप आणायला गेले.

मॉपला वेण्या घातलेल्या होत्या.

आधी मला कळेचना. कठड्याला उलटा टेकवून ठेवलेला मॉप, आणि त्याच्या सगळ्या सुतळ्यांच्या तीन-तीन पेडाच्या वेण्या. मिरचीचा उद्योग म्हणून मी सोडायला लागले आणि थांबले. मिरचीला अजून तीन पेडाची येत नाही. एका कडेच्या वेण्या करकचलेल्या होत्या, काडीसारख्या ताठ. त्यांच्या शेजारच्या जरा कमी ताठ. मग काही मध्येच आवळलेल्या, मध्येच सुटलेल्या, जशी एखाद्याला सारखी आठवण करून द्यावी लागते आणि तो सारखा विसरतो. आणि दुसऱ्या टोकाला दोन-तीन होत्या खरोखरच सैल, लोंबत्या, शेवटी उकललेल्या.

ओल्या सुतळीला फिनेलचा वास येत होता. मी तिथेच उकिडवी बसून राहिले.

मग तो मॉप तसाच उचलून आत नेला.

"अण्णा, ह्याच्या वेण्या कुणी घातल्या?"

त्यांनी बघितलं, आणि सदऱ्याची घडी मोडून पुन्हा घालायला घेतली. "पोरीनं घातल्या असतील."

"तिला येत नाहीत."

"शाळेत शिकवतात आजकाल काहीबाही."

"अण्णा."

"मग काय करू?" ते एकदम म्हणाले. "हाताला ढिलं बांधायचं माहीतच नाही. जन्म गेला आवळण्यात. इथपर्यंत ढिलं येतं आणि मग हात आपला आपणच ओढतो. बघ ना, किती वेळा केलं." त्यांनी मॉपची एक वेणी धरून मला दाखवली. "मी म्हटलं, जमलं तर जायच्या आधी पोरीची एकदा नीट घालून द्यावी. नाही जमत."

मी मॉप भिंतीला टेकवला. "आमच्या वर्गातल्या पोरींच्या वेण्या मधल्या सुट्टीपर्यंत सुटायच्या. माझी एकटीचीच नाही सुटायची."

"त्यांच्या आया यायच्या ना डबा घेऊन मधल्या सुट्टीत," अण्णा म्हणाले. "बसायच्या फाटकापाशी, डबा खाऊ घालायच्या, वेणी परत घालून द्यायच्या. मी बघितलंय. एकदा तिकडनं ट्रक घेऊन चाललो होतो ड्रायव्हरबरोबर, तेव्हा बघितलं. सगळ्या पोरी आयांच्या पुढ्यात बसलेल्या, आणि तू एकटी झोपाळ्यावर." त्यांनी सदरा बाजूला सारला. "मी सकाळी जायचो तो दिवे लागल्यावर यायचो. मधे सुटली, तर तुझी बांधणार कोण? गाडी एकदा फाटकाबाहेर पडली की मधे कुणी बघणार नसतं. मला दुसरं काय कळत होतं? मी म्हटलं, माझी पोर मोकळ्या केसांनी फिरायला नको. लोक म्हणायला नकोत, हिला कुणी नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायला लाथा मारत होतं. ती सुरू झाली, गेली. मी त्या झोपाळ्यावरच बसले होते अजून.

"दुखायचं का गं फार?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर तुम्ही घालायचं थांबवलं असतं."

त्यांनी मान फिरवली. मी फळीवरचा कंगवा आणला, त्यांच्या हातात दिला, त्यांना खाटेवर बसवलं आणि खाली जमिनीवर त्यांच्याकडे पाठ करून बसले. अंबाडा सोडला. उरलंसुरलं ते पाठीवर पडलं.

"नको," ते म्हणाले. "अजून जातील."

"जे जायचे ते आधीच सुटलेले असतात, अण्णा. डॉक्टरांनी सांगितलंय. फणीत येतात ते तुमच्या हातानं नाही जात. खालून सोडवत वर यायचं. हलक्या हातानं."

मग टोकाशी कंगवा लागला, इतका हळू की मला आधी वारा वाटला. त्यांचे गुडघे माझ्या दोन्ही खांद्यांशी आले. ते गुडघे आता बारीक झाले होते, हाडं लागत होती. कंगव्यात केस आला की ते थांबायचे, तो काढून मांडीवर ठेवायचे, आणि पुन्हा सुरू करायचे. मी डोळे मिटले. पलीकडच्या खोलीत बाळ झोपेत कण्हलं आणि पुन्हा निवलं.

"भांग कुठे पाडू?"

"कुठेही. रोज बदलायचा म्हणतात. एकाच जागी नको."

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं," अण्णा पुटपुटले. "गाडीचं कसं, दोराची जागा बदलली की..." बोटांत पेड होते.

दोन वळसे झाले आणि हिसका बसला.

"हां," मी म्हटलं.

"बसला का?"

"थोडासा."

त्यांनी सोडलं. पुन्हा घातलं. पुन्हा हात आवळत गेला, पुन्हा त्यांनी स्वतःच सोडलं, स्वतःच्या हाताला कसलीशी शिवी दिली. एकदा तर मला हसू आलं. "हलू नको," ते म्हणाले, आणि मग त्यांनाही हसू आलं असावं, कारण त्यांचे गुडघे हलले. शेवटी कशीबशी एक झाली. त्यांनी टोकाला रबर लावलं.

"सुटेल ही," अण्णा म्हणाले. "तासभरही टिकायची नाही."

"सुटू दे."

"सुटू दे काय? मग?"

"मग परत घाला."

मांडीवरचे केस गोळा करून त्यांनी बोटाला गुंडाळले, मी गुंडाळते तसेच, आणि तसेच धरून बसले. टाकायला उठले नाहीत.

ती वेणी बाळाच्या अंघोळीपर्यंत टिकली. त्याला पाण्यातून काढताना त्यानं ओढली, रबर निसटलं. अण्णा टॉवेल धरून उभे होते. त्यांनी बघितलं. बाळाला पावडर लावून होईपर्यंत थांबले, मग म्हणाले, "बस."

दुपारी मिरची झिपऱ्या घेऊन आली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अण्णांकडे.

"आईची पण घातली? मग माझी!"

"तुझी ढिली घालणार आज," अण्णा म्हणाले.

"मग ती सुटेल."

"सुटली की यायचं."

"शाळेत सुटली तर?"

अण्णांनी थोडा विचार केला. "मधली सुट्टी कधी असते गं तुमची?"

रविवारी सकाळी त्यांची पिशवी दारापाशी होती. नवऱ्यानं रिक्षाला फोन करू का, म्हणून विचारलं. अण्णा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, दारापाशी जाऊन पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला.

"तिकडची गाडी रोजच असते ना?" त्यांनी विचारलं.

"रोज असते," नवरा म्हणाला.

"मग रोज असते," अण्णा म्हणाले.

मी बाळाला घेऊन खिडकीपाशी बसले होते. कानशिलावर कोवळं ऊन येत होतं, जिथे केस नाहीत तिथे ते जास्त कळतं. तिथे ते परत येतील न येतील. कधीतरी अण्णा नसतील, आणि मी माझी मीच घालीन, सैल, जमेल तशी. आत्ता बाळ दूध पिता पिता एका हातानं माझी वेणी पेडापेडानं मोकळी करत होतं, मी त्याला करू देत होते. ती पुरती सुटली, तेव्हा मी हाक मारली.

"आलो," अण्णा आतून म्हणाले. त्यांच्या चपलांचा आवाज यायला लागला. मी खुर्चीवरून उठून खाली जमिनीवर बसले आणि मागे त्यांच्यापुरती जागा सोडून थोडी पुढे सरकले.